हलगी, गिटार आणि ‘खाडा’

‘खाडा’ हे गाणं जेमतेम दोन मिनिटांचं आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या एका रिकाम्या गाळ्यात चार पोरांनी ते बसवलं. गिटारवर तीनच कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, मागं ड्रम, सगळ्यांच्या पुढं हलगी, आणि गाणारी मुलगी घसा ताणून एकेक ओळ फेकते: ‘ताप आला, खाडा! बाळंत झाले, खाडा!’ ते ऐकून माझ्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारलं, ‘हे पंक का काय ते, आपल्याकडं कुठनं आलं?’ त्यांना तोंडी सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

आधी खाडा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, आपल्याच जिल्ह्यातल्या जतकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. एक दिवस कामावर आलं नाही की खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड कापला जातो. दिवसाला ५०० रुपये कापल्याचं कित्येक जणींनी सांगितलंय. पाळी असो, ताप असो, दिवस गेलेले असोत, खाडा चुकत नाही. खाडा नको म्हणून बीड जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं २०१९ साली गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या जिल्ह्यातली साखर या हिशेबावर उभी आहे, आणि आपण तो हिशेब कधी मोठ्यानं वाचत नाही. या पोरांनी तो वाचला, एवढंच मला त्या गाण्यात सगळ्यात मोठं वाटतं.

आता पंक, म्हणजे साधं, वेगवान, चिडलेलं रॉक संगीत. १९७६ चा लंडनचा उन्हाळा. पंजाबी वस्तीच्या साउथॉलमध्ये ४ जूनला गुरदीप सिंग चग्गर या १८ वर्षांच्या पोराचा खून झाला. ऑगस्टमध्ये एरिक क्लॅप्टन या नामांकित गिटारवादकानं बर्मिंगहॅमच्या भर कार्यक्रमात स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या उत्सवात, पोलीस आणि काळे तरुण यांच्यात दंगल पेटली. त्या गर्दीत ‘द क्लॅश’ या नव्या बँडचे जो स्ट्रमर आणि पॉल सिमोनन होते. त्यांनी पाहिलेल्यातून ‘व्हाइट रायट’ हे गाणं झालं, १९७७ च्या मार्चमध्ये बाजारात आलं. तेही दोन मिनिटांच्या आतलं. काळी माणसं अन्यायाविरुद्ध उठतात आणि आपण गोरे मात्र सांगितलं तसं मुकाट वागतो, असं त्यात स्वतःच्याच लोकांना सुनावलंय. नाव ऐकून काहींनी उलटा अर्थ काढला, ते वर्णद्वेषी गाणं समजले. गाणं आणि त्याची पार्श्वभूमी वेगळी पडली की असं होतं, म्हणून तर हे लिहायला घेतलं.

क्लॅप्टनच्या बोलण्याचा निषेध म्हणून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गर चौकातून निघालेला मोर्चा व्हिक्टोरिया पार्कात पोचला आणि तिथं हजारोंच्या गर्दीसमोर क्लॅश वाजले. पुढं लंडनमधल्या पाकिस्तानी घरांतल्या पोरांनी ‘एलियन कल्चर’ नावाचा बँडही काढला. तीन कॉर्ड आले की बँड काढा, उस्तादाची परवानगी लागत नाही, हे पंकनं शिकवलं.

पण ही परवानगी आमच्या भागानं कुणाकडं मागितली होती? फुले घराणं मूळ खटावमधल्या कटगुणचं. सत्यशोधक समाज १८७३ साली पुण्यात निघाला, आणि पुढं सत्यशोधक जलसे सातारा जिल्ह्यात गावोगाव फिरले. साचा तमाशाचा, विषय सावकार, भटशाही, दारू आणि शिक्षण. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यांनी तर घरदार आणि जात मागं टाकून तमाशाचा फड गाठला. ते लावणीकार पठ्ठे बापूराव. आणि वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. १ ऑगस्ट १९२० चा जन्म, शाळा दीड दिवसाची, घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेली. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हताच, वाटेगाव साताऱ्यातच. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि शाहीर गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गिरणीतला मजूर, गावावर राहिलेली त्याची मैना, भाकरी, भाडं, हे त्यांच्या गाण्यात आलं. पोट भरायला गाव सोडून निघालेलं कुटुंब त्यांनी आतून पाहिलं होतं. कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, राहणारी ऊसतोडीची माणसं त्याच वाटेवरची आहेत. म्हणून मला ‘खाडा’ हे क्लॅशपेक्षा अण्णाभाऊंच्या जास्त जवळचं वाटतं.

राहिली हलगी. गावगाड्यात ती मातंगांच्या गळ्यात अडकवलेली. लग्न कुणाचंही असो, वाजवणाऱ्यानं पुढं चालायचं आणि जेवताना बाहेर बसायचं. म्हणून कित्येक घरांतल्या शिकलेल्या पोरांनी ती हातात घ्यायचीच सोडली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. या बँडमधल्या हलगीवाल्याच्या आज्यानंही ती माळ्यावर टाकली होती. नातवानं परत मागितली तेव्हा आजा म्हणाला, ‘दुसऱ्याच्या दारात वाजवणार असशील तर देणार नाही.’

पोरगं तालमीला आलं की आधी गाळ्याबाहेर चार कागद, थोडं पाचट पेटवतं. हलगी त्यावर धरून फिरवतं, चामडं ताणलं का ते नखानं वाजवून बघतं. तोवर गिटारवाला आत तारा जुळवत थांबलेला असतो. हलगी तापल्याशिवाय कुणी सुरू करत नाही.