एका भांड्यातला पास्ता आणि पाण्याचा हिशेब

पास्ता शिजवण्याचा नेहमीचा पाठ असा: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी, त्यात १० ग्रॅम मीठ, खळखळून उकळी, मग चाळणीत निथळून वेगळ्या भांड्यातल्या सॉसमध्ये घालायचा. चौघांच्या जेवणाला ४ लिटर पाणी, दोन भांडी आणि एक चाळणी. दिवसभर काम करून संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरलेल्या माणसाला एवढा घाट नको वाटतो. म्हणून कांदा, लसूण, टोमॅटो, पास्ता आणि पाणी एकाच भांड्यात शिजवायची रीत रुळली. घाईतली तडजोड म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं, ते मला पटत नाही. पाण्याचा हिशेब नीट ठेवला तर विज्ञान या एका भांड्याच्याच बाजूने उभं राहतं.

आधी इंधनाचं बघू. २५ अंश सेल्सिअसचं ४ लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे १,२५० किलोज्यूल ऊर्जा लागते. एका भांड्याला पुरणाऱ्या सव्वा लिटरचं काम चारशेच्या आत भागतं. वेळही त्याच प्रमाणात वाचतो.

मग इतकं पाणी घ्यायचं कशाला? दोन कारणं सांगितली जातात. थोड्या पाण्यात पास्ता घातला की उकळी मोडते, हे एक. आणि पास्ता एकमेकांना चिकटतो, हे दुसरं. स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅगी यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये यावर सविस्तर लिहिलं. सुमारे ४५० ग्रॅम पास्ता त्यांनी जेमतेम दीड लिटर पाण्यात शिजवून पाहिला, तोही गार पाण्यापासून सुरुवात करून. पास्ता व्यवस्थित शिजला. फक्त अधूनमधून ढवळावं लागलं.

असं का होतं, ते पास्त्याच्या आत डोकावल्यावर कळतं. वाळलेला पास्ता बहुधा ड्युरम या कठीण गव्हाच्या रव्याचा असतो आणि त्यात ओलावा जेमतेम १२ टक्के उरलेला असतो. ग्लुटेन प्रथिनांच्या जाळ्यात स्टार्चचे, म्हणजे पिष्टाचे, बारीक कण अडकून बसलेले असतात. गरम पाणी बाहेरून आत झिरपू लागलं की साधारण ६० अंशांच्या आसपास हे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांच्यातला काही स्टार्च बाहेर पाझरतो. दुसरीकडे उष्णतेने प्रथिनांचं जाळं घट्ट होत जातं. जाळं वेळेत आवळलं गेलं तर फुगलेला स्टार्च आतच राहतो आणि पास्ता दाताखाली हवा तसा घट्ट लागतो. ते कमकुवत असेल तर स्टार्च भसाभस बाहेर येतो आणि पास्ता गिच्च होतो. कमी प्रथिनं असलेल्या साध्या गव्हाचा पास्ता एका भांड्यात लवकर बिघडतो तो याचमुळे.

शिजताना सहाव्या-सातव्या मिनिटाला पेनेचा, म्हणजे नळीच्या आकाराच्या पास्त्याचा, एक तुकडा बाहेर काढून सुरीने आडवा कापून बघा. बाहेरचा भाग पिवळसर, किंचित पारदर्शक झालेला असतो आणि नळीच्या जाडीच्या मधोमध पांढरी बारीक रेघ दिसते. तिथे पाणी अजून पोचलेलं नाही. ती रेघ पुसट झाली की पास्ता झाला. पाकिटावर छापलेल्या मिनिटांपेक्षा या रेघेवर माझा जास्त भरवसा आहे, कारण टोमॅटोच्या दाट रसात मोकळं पाणी कमी असतं आणि पास्ता दोन-चार मिनिटं जास्त घेतो.

यातलं काहीही व्हायला खळखळती उकळी लागत नाही. भौतिकशास्त्राचं २०२१ चं नोबेल मिळालेले जॉर्जिओ पारिसी यांनी २०२२ मध्ये हाच मुद्दा लोकांपुढे मांडला होता: पास्ता घातल्यावर काही मिनिटांनी आच बंद करा, घट्ट झाकण ठेवा, उरलेलं काम गरम पाणी करतं. इटलीतल्या काही बल्लवाचार्यांना ते रुचलं नाही, पण मुळातलं विज्ञान पक्कं आहे. एका भांड्यातल्या पास्त्यालाही मंद रटरट पुरते.

आता खरी गंमत. मोठ्या पातेल्यात पाझरलेला स्टार्च चार लिटर पाण्यात विरून जातो आणि आपण तो मोरीत ओतून देतो. एका भांड्यात तो जागच्या जागी राहतो. पाणी आटत जातं तसा तो दाट होतो, तेलाचे थेंब आणि पाणी यांना एकमेकांपासून फुटू देत नाही, आणि रस पास्त्याला धरून राहतो. आपण ज्याला ‘मिळून आलं’ म्हणतो, ते इथे स्टार्च करतो. त्यासाठी क्रीमची गरज नसते.

चीज घालताना याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. ‘काचो ए पेपे’ या रोमच्या प्रसिद्ध पास्त्यात चीज, मिरी आणि पास्त्याचं पाणी एवढंच असतं, आणि चीजचे गोळे होऊन तो हमखास फसतो. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०२५ मध्ये याचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला. चीजच्या वजनाच्या १ टक्क्यापेक्षा कमी स्टार्च असेल, तर तापल्यावर चीजमधली प्रथिनं एकमेकांना बिलगून चिकट गठ्ठे होतात. २ ते ३ टक्के स्टार्च असेल तर सॉस गुळगुळीत राहतो. त्या वर्षीचं भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, या कामाला मिळालं. एका भांड्यात स्टार्चची ददात नसते, तरी उष्णतेचा धोका उरतोच. म्हणून चीज नेहमी आच बंद केल्यावर, रटरट पूर्ण थांबल्यावर घालावं, आणि थोडं थोडं.

पाणी किती? १०० ग्रॅम कोरडा पास्ता शिजून साधारण २२० ते २५० ग्रॅम भरतो, म्हणजे १२० ते १५० मिलीलिटर पाणी तो स्वतः पितो. उरलेलं वाफेचं आणि सॉसचं. १०० ग्रॅमला २५० ते ३०० मिलीलिटर धरावं, पण टोमॅटोही त्यात मोजावेत, कारण त्यांचा ९० टक्क्यांहून जास्त भाग पाणीच असतो. पसरट भांड्यातून वाफ जास्त जाते. शेजारी थोडं गरम पाणी तयार ठेवलं की अंदाज चुकला तरी निभावतं. जास्त झालेलं पाणी मात्र आटवत बसलो तर तोवर पास्ता मऊ पडतो. हात आखडताच ठेवलेला बरा.

क्रमाला महत्त्व आहे. पाणी पडल्यावर भांड्यातलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे कांद्याला खरपूस रंग आणि वास यायचा तो आधी, तेलातच. टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य तेलात विरघळतं, म्हणून टोमॅटोही जरा परतून घ्यावेत. गाजरासारख्या कडक भाज्या मात्र त्यांच्या आधी घालाव्यात. आंबट रसात भाजीतलं पेक्टिन, म्हणजे तिच्या पेशी सांधून ठेवणारं द्रव्य, सहजी मोडत नाही आणि त्या कच्चट राहतात. मग पास्ता आणि गरम पाणी. पहिली दोन-तीन मिनिटं ढवळत राहावं, कारण पृष्ठभागावरचा स्टार्च तेव्हाच सगळ्यात चिकट असतो. पाण्यावर तेल सोडून हे टळत नाही, ते तरंगत राहतं. शेवटची मिनिटंही जपावी लागतात. रस दाटला की तो खालीवर फिरेनासा होतो, तळाची उष्णता तळालाच साचते आणि पास्ता लागतो.

मिठाची चूक इथे फार होते. चार लिटर पाण्यात घातलेल्या ४० ग्रॅम मिठातलं बहुतेक चाळणीतून वाहून जातं. एका भांड्यातून काहीच जात नाही, तेव्हा ४०० ग्रॅम पास्त्याला ८-९ ग्रॅमने सुरुवात करावी आणि चीज घातल्यावर चव बघावी. मिठाने पाणी जास्त गरम होतं हा समज सोडून द्यावा. लिटरला १० ग्रॅम मिठाने उत्कलनबिंदू ०.२ अंशही वाढत नाही.

आकार आखूड घ्यावा, पेने किंवा पिळाची फुसिली. लांब काड्यांची स्पॅगेटी भांड्यात मावत नाही म्हणून मोडायला गेलं, तर तिचे दोन तुकडे न होता तीन-चार होतात. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनाही या कोड्याने भुरळ घातली होती. २००५ मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं: पहिला तुकडा पडताच उरलेल्या काडीतून वाकण्याच्या लहरी धावतात आणि ती पुढे पुन्हा मोडते.

उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. गार झाल्यावर स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट बसतात, म्हणून सकाळी तो कडक आणि कोरडा दिसतो. दोन-तीन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून, मंद आचेवर नीट वाफ येईपर्यंत गरम केला की ही बांधणी बरीचशी सुटते आणि रस पुन्हा सैल होतो.