अर्बुदाची हुलकावणी आणि प्रतिरक्षा-उपचार

शरीराची प्रतिकारयंत्रणा कर्कपेशी ओळखून मारू शकते. तरीही गाठ वाढते, कारण मारा चुकवणाऱ्या पेशी मागे उरतात आणि पुढे त्यांचीच वीण वाढते.

प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे वर्ग-१ एमएचसी या पृष्ठभागावरील रेणूंवर मांडून बाहेर दाखवते व टी पेशी (प्रतिकारयंत्रणेच्या मारेकरी पांढऱ्या पेशी) ते तपासतात. या रेणूंचा आधार असलेल्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन प्रथिनाचे जनुक बिघडले की हे रेणू पृष्ठभागावर टिकत नाहीत. मग टी पेशीला समोरची कर्कपेशी ओळखताच येत नाही. काही गाठी टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन स्रवून टी पेशींचा शिरकाव रोखतात. उपचारासाठी सर्वांत मोलाची ठरलेली युक्ती मात्र टी पेशीचा ब्रेक दाबण्याची आहे. कर्कपेशीवरील पीडी-एल१ हा रेणू टी पेशीवरील पीडी-१ या रेणूला चिकटतो आणि दारापर्यंत आलेली टी पेशी थंडावते. निरोगी शरीरात हाच ब्रेक आपले आतडे, थायरॉइड, फुप्फुसे सांभाळतो.

निवोलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे पीडी-१ झाकून ब्रेक सोडवतात. टी पेशी गाठीत शिरलेल्याच नसतील, तर या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. निवोलुमॅबची एक प्रचलित मात्रा दर २ आठवड्यांनी २४० मिग्रॅ. तिचा खर्च बहुतेक घरांना झेपत नाही. म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणी महत्त्वाची: डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात तोंडी औषधांच्या जोडीला दर ३ आठवड्यांनी केवळ २० मिग्रॅ दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

सुटलेला ब्रेक निरोगी अवयवांनाही भोवतो. मुंबईत औषध घेऊन गोव्यात पेडण्याला किंवा काणकोणला परतलेल्या रुग्णाला काही आठवड्यांनी जुलाब लागले, तर पावसाळ्यात ते 'पोट बिघडले' म्हणून सोडून दिले जाण्याचा धोका असतो. नुसत्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांनी आतड्याचा दाह झाकला जातो; क्वचित आतड्याला छिद्रही पडते. शौच नेहमीपेक्षा दिवसाला ४ वेळा वाढले, किंवा नव्याने कोरडा खोकला व धाप लागली, तर त्याच दिवशी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय अथवा म्हापसा, मडगावचे जिल्हा रुग्णालय गाठावे आणि चालू उपचार पहिल्याच वाक्यात सांगावा. संसर्गाची तपासणी करून डॉक्टर सहसा प्रेडनिसोलोन हे दाह शमवणारे स्टेरॉइड रोज वजनाच्या दर किलोला १ ते २ मिग्रॅ देतात. लक्षणे आवरल्यावर ते ४ ते ६ आठवड्यांत उतरवत न्यावे लागते. एकदम थांबवले की दाह पुन्हा उसळू शकतो. ब्रेक सोडवणाऱ्या औषधाच्या शेवटच्या मात्रेनंतर काही महिन्यांनीही असा दाह होऊ शकतो, म्हणून त्या औषधाचे नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी रुग्णाने खिशात बाळगावी.