व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या वेळापत्रकातील बदल

पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये चार स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात. त्यांचा क्रम कित्येक वर्षे ठरलेला होता : एप्रिलमध्ये मास्टर्स, जूनमध्ये यूएस ओपन, जुलैमध्ये ब्रिटनमधील ‘द ओपन’ आणि ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिप. २०१९ मध्ये ही घडी मोडली. पीजीए चॅम्पियनशिप ऑगस्टमधून मे महिन्यात आली. त्यासाठी मेमध्ये होणारी प्लेयर्स चॅम्पियनशिप (मेजर नसलेली, पण मोठी स्पर्धा) मार्चमध्ये, म्हणजे २००६ पर्यंतच्या आपल्या जुन्या जागी परत गेली.

निमित्त ऑलिंपिकचे होते. २०१६ मध्ये रिओच्या ऑगस्टमधील ऑलिंपिकमध्ये गोल्फचे पुनरागमन झाले, तेव्हा पीजीए चॅम्पियनशिप जुलैअखेर उरकावी लागली होती. दर चार वर्षांनी ही ओढाताण नको होती. खरे कारण मात्र अमेरिकन फुटबॉल. सप्टेंबरमध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा हंगाम सुरू झाला की रविवारचा टीव्ही प्रेक्षक तिकडे वळतो. त्यामुळे अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांची मालिका चालवणाऱ्या पीजीए टूरने २००७ पासून चालत आलेल्या फेडेक्स कपच्या (हंगामभराच्या गुणांवरील चषक) अखेरच्या प्लेऑफ स्पर्धा चारवरून तीनवर आणल्या आणि त्यांतली शेवटची, अटलांटातील टूर चॅम्पियनशिप ऑगस्टमध्येच संपवली.

तारखा बदलल्या की मैदानेही बदलतात. ऑगस्टच्या उकाड्यात नकोशी वाटणारी अमेरिकेच्या दक्षिणेकडील मैदाने मेमध्ये सोयीची ठरतात. उत्तरेकडे उलटा प्रकार. न्यूयॉर्क राज्यातील ओक हिल येथे २०२३ मध्ये गवतावर दहिवर गोठल्याने पहिल्या फेरीची सुरुवात सुमारे दोन तास लांबली. गोठलेल्या गवतावर पाय पडला की ते मरते, म्हणून ऊन चढेपर्यंत कोणालाच मैदानात सोडत नाहीत. बदलाची दुसरी किंमत प्रेक्षक मोजतात : चारही मेजर एप्रिल ते जुलैमध्ये आटोपतात आणि पुढचे आठ महिने एकही नसते. टूरच्या हिशेबात हे बसते, खेळाच्या दृष्टीने मात्र पोकळीच.

नवी घडी बसते न बसते तोच कोविडची साथ आली. २०२० मध्ये द ओपन रद्द झाली. पीजीए ऑगस्टमध्ये, यूएस ओपन सप्टेंबरमध्ये आणि मास्टर्स थेट नोव्हेंबरमध्ये झाली. मास्टर्सचे मैदान असलेल्या ऑगस्टाची ओळख म्हणजे अझेलियाच्या फुलांचा बहर, तो नव्हता, प्रेक्षक नव्हते. दिवस लहान म्हणून पहिल्या आणि दहाव्या अशा दोन्ही टीवरून (पहिला फटका मारण्याची जागा) खेळ सुरू करावा लागला. पावसाने मऊ झालेल्या ग्रीनवर (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) चेंडू पडेल तिथे थांबत होता. डस्टिन जॉन्सनने सर्वांत कमी, २६८ फटक्यांचा स्पर्धाविक्रम केला. अमेरिका आणि युरोप यांच्या संघांमधील रायडर कपही वर्षभर पुढे गेला आणि ९/११ मुळे २००२ पासून सम वर्षांत होणारी ही लढत पुन्हा विषम वर्षांत आली.

दरम्यान हंगामाच्या सुरुवातीचाही घोळ होता. २०१३ पासून पीजीए टूरचा हंगाम आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच सुरू होई. कोण कोणत्या हंगामात जिंकले, हे सांगताना जाणकारही अडखळत. २०२४ पासून तो पुन्हा जानेवारीत सुरू होतो. शरद ऋतूतील स्पर्धा उरल्या, पण त्या मुख्यतः टूर कार्ड, म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क, टिकवण्याची धडपड करणाऱ्यांच्या. बड्या खेळाडूंना तेवढे महिने मोकळे मिळतात.

या मोकळिकीचा फायदा अमेरिकेबाहेरील स्पर्धांना होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर झालेल्या डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिपमध्ये रॉरी मॅकिलरॉय खेळला. टॉमी फ्लीटवूडने ती जिंकली.