ऑब्सेशन

एखादा विचार, व्यक्ती किंवा वस्तू मनात इतके ठाण मांडून बसते की बाजूला सारू म्हटले तरी सरत नाही, त्या अवस्थेला इंग्रजीत ऑब्सेशन म्हणतात. शब्दाचे मूळ लॅटिन ‘ऑब्सिडेरे’, म्हणजे समोर बसणे, वेढा घालणे. १६व्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा वेढा हाच त्याचा अर्थ होता. पुढे ख्रिस्ती धर्मविचारात दुष्ट शक्ती शरीरात शिरली तर ‘पझेशन’ आणि बाहेरून छळत राहिली तर ‘ऑब्सेशन’, असा भेद केला गेला.

मराठीतही ‘पछाडणे’ आणि ‘झपाटणे’ आधी भुताचे, मग मनाचे. ऑब्सेशनला तेच सर्वांत जवळचे. ‘ध्यास’ हे भाषांतर सर्रास केले जाते, पण ते चुकीचे आहे. ध्यास माणूस आपणहून घेतो. ऑब्सेशनमध्ये मात्र त्याची इच्छा कोणी विचारत नाही.

मनोविकारशास्त्राने नेमका हाच नकोसेपणा पकडला. कार्ल वेस्टफाल या जर्मन तज्ज्ञाने १८७७ मध्ये अशा कल्पनांचे वर्णन केले, की त्या इच्छेविरुद्ध येतात आणि ज्याच्या मनात येतात त्यालाच परक्या वाटतात. कुलूप लावून जिना उतरलेला माणूस परत वर येतो, कुलूप ओढून बघतो, चार पायऱ्या उतरतो आणि पुन्हा वळतो. कुलूप लागले आहे हे त्याला ठाऊक असते, तरी पाय निघत नाही. इथे डोक्यातला ‘राहिले तर नसेल?’ हा भुंगा म्हणजे ऑब्सेशन आणि ओढून बघणे म्हणजे कम्पल्शन. दोन्ही मिळून ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर हा मनोविकार; स्वच्छतेपायी हात धूतच राहणाऱ्यासाठी मराठीत ‘मंत्रचळ’ हा जुना, नेमका शब्द आहेच. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार यात दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यामुळे मोठा त्रास होत असेल वा कामकाज अडत असेल, तर तो विकार मानतात. विचार येऊ द्यायचा पण कृती रोखायची, असा टप्प्याटप्प्याने सराव करून घेणारी उपचारपद्धती आणि काही औषधे यांचा त्यावर चांगला उपयोग होतो.

रोजच्या बोलण्यात हा शब्द फार सैलावला आहे. नवी मालिका आवडली तरी लोक ‘ऑब्सेस्ड’ होतात, टेबल नीट लावणारा स्वतःला ‘ओसीडीवाला’ म्हणवतो. मालिकेला ‘नाद’ आणि टेबलाला ‘टापटीप’ पुरेसे आहे. जिन्यावर अडकलेल्याला मात्र आपली अवस्था सांगायला दुसरा शब्द सापडत नाही, आणि त्याने तो उच्चारला की ऐकणारा हसून सोडून देतो.