ड्रायव्हर पिलेला होता म्हणून भरपाई बुडत नसते

आपल्याकडं हॉटेलात बसलं की कुणीबी सांगायलंय, अपघात करणारा गाडीवाला पिऊन होता मग विमा कंपनी जखमीला रुपया देत नसते, केस करून काय फायदा. चूक आहे हे. दारूचं भांडण कंपनीचं अन् गाडीमालकाचं, गाडीचा थर्ड पार्टी विमा (गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरून देणारा) चालू असला की कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला म्हणतं आधी जखमीला पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर. विमाच नसला तर मालक-ड्रायव्हरवर दावा. अपघात पुण्याकडं झाला अन् तुम्ही बीडचे, तरी दावा बीडच्याच मोटार अपघात न्यायाधिकरणात टाकता येतो, फक्त २०२२ पासून कायद्यात ६ महिन्यांची मुदत आलीय, म्हणून बघू नंतर म्हणू नका. एफआयआर, पंचनामा, मेडिकलच्या चिठ्ठ्यासुद्धा एका पिशवीत ठेवा. अन् मिटवून घ्या म्हणणारे पुढारी येतेतच, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.