बीप वाजला म्हणून कपॅसिटर काढू नका
(बंद लॅपटॉप दुरुस्तीस आणणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दारव्हा, दिग्रस, नेर या भागांतून आमच्याकडे येणारे बंद लॅपटॉप अलीकडे पुष्कळदा आधीच उघडलेले असतात. सेतू केंद्र चालवणाऱ्यांकडे आणि महाविद्यालयीन मुलांकडे आता मल्टीमीटर असतो, आणि बॅटरी सोडवून कोणी नीट मोजमाप करून आणले तर आमचेही काम हलके होते. अडचण त्यापुढची आहे. मीटर बीपवर ठेवून कपॅसिटरच्या (बोर्डवरील थोडी वीज साठवणाऱ्या छोट्या भागाच्या) दोन टोकांना लावला, बीप वाजला, की तो खराब समजून काढला जातो. शेजारचाही वाजतो म्हणून तोही निघतो, आणि आमच्या टेबलावर येतो तो सात-आठ जागा रिकाम्या असलेला बोर्ड.

एका लाइनवरील, म्हणजे बोर्डवर वीज नेणाऱ्या एका मार्गावरील, सगळे कपॅसिटर समांतर जोडलेले असतात. त्यांतील एक शॉर्ट झाला, म्हणजे त्याची दोन्ही टोके आतून जोडली गेली, की त्या लाइनवर कुठेही मीटर लावा, बीप वाजणारच. दोषी कोणता, हे त्या आवाजावरून कळत नाही. शिवाय बऱ्याच मीटरमध्ये बीप २०-३० ओहमलाही वाजतो. प्रोसेसरजवळील कॉइल आणि कपॅसिटर तर धडधाकट बोर्डवरही जेमतेम काही ओहम, नव्या प्रोसेसरच्या बाबतीत कधी एक ओहमपेक्षाही कमी दाखवतात. तिथला बीप हा दोषच नाही, तरी सर्वाधिक कपॅसिटर तिथलेच काढलेले आढळतात.

तपकिरी सिरॅमिक कपॅसिटरवर काहीही छापलेले नसते. तो काढून हरवला की किती मायक्रोफॅरडचा आणि किती व्होल्टचा होता, हे सर्किटच्या नकाशावरून किंवा त्याच मॉडेलच्या भंगार बोर्डवरून शोधावे लागते, कारण चार्जरकडून येणाऱ्या १९ व्होल्टच्या लाइनवर ६.३ व्होल्टचा बसवला तर तो पुन्हा शॉर्ट होण्याची भीती असते. तासाभराचे काम दोन-तीन दिवसांवर जाते ते यामुळेच. टॅन्टलम कपॅसिटर बदलतानाही जपावे लागते: त्यावरील पट्टी धन टोक दाखवते, तर टीव्ही-इन्व्हर्टरमधील ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरवरील पट्टी ऋण टोक. फुगलेला कपॅसिटर शोधण्याची सवयही त्या मोठ्या कपॅसिटरांची आहे. लॅपटॉपमधला सिरॅमिक फुगत नाही, तो बोर्ड वाकल्याने किंवा आपटल्याने आतून तडकतो आणि बाहेरून बहुधा चांगलाच दिसतो.

आम्ही आधी लाइनचा रोध मोजतो. शॉर्ट नक्की झाला की डीसी पॉवर सप्लायवरून साधारण एक व्होल्ट देऊन करंट हळूहळू वाढवतो. दोषी भाग तापतो, आणि बोर्डवर लावलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल सर्वांत आधी तिथून उडून जाते. मग तेवढा एकच भाग निघतो. व्होल्टेज इतके कमी ठेवण्याचे कारण असे की, शॉर्ट कपॅसिटरऐवजी प्रोसेसरला वीज देणाऱ्या मॉसफेटमध्ये (वीज चालू-बंद करणाऱ्या भागात) असेल, तर चार्जरचे १९ व्होल्ट सरळ प्रोसेसरवर जातात आणि बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून पिन लावताच चार्जरचा दिवा विझत असेल, तर दुसरा, तिसरा चार्जर लावून पाहू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

तपासणीचे पैसे वेगळे का, असे विचारले जाते. या कामात बदललेला भाग काही रुपयांचा असतो. वेळ आणि कौशल्य लागते ते तो शोधण्यात. दुरुस्ती आमच्याकडे केल्यास तपासणीची रक्कम बिलातून वजा होते आणि काढलेला भाग आम्ही आपल्या हाती देतो. संपूर्ण बोर्ड बदलण्याचा सल्ला आपल्याला कुठे मिळाला असेल, तर खर्च करण्यापूर्वी एकदा येथे दाखवून घ्यावा; एका कपॅसिटरवर सुटलेले बोर्ड आम्ही बरेच पाहिले आहेत.

येताना मूळ चार्जर सोबत आणावा. काही काढले असेल तर संकोच न करता सांगावे, काढलेले भाग कागदाच्या पुडीत जपून आणावेत, आणि मोबाइलवर बोर्डचा आधीचा फोटो असेल तर तो पुसू नये.