सरकलेला 'नून' आणि जागची दुपार

'गुड आफ्टरनून' जळगाव-धुळ्याच्या शाळांतली पोरंही एका सुरात म्हणतात. त्यातला 'नून' म्हणजे दुपारचे 12. पण हा शब्द जन्मला तेव्हा त्याचा अर्थ होता साधारण दुपारचे 3!

रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळाचे 12 सारखे भाग करत. त्यातला नववा तास म्हणजे 'नोना होरा'. (यातला 'होरा' मूळ ग्रीक. तोच आपल्या ज्योतिषातही आला, आणि 'माझा होरा चुकला' म्हणताना आपण तोच वापरतो.) नवव्या तासाला ख्रिस्ती मठांत प्रार्थना होई. उपवासाच्या दिवशी जेवण त्यानंतरच मिळे. म्हणून प्रार्थना हळूहळू अलीकडे आली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकापर्यंत इंग्रजीतला 'नून' 12 वर येऊन स्थिरावला होता.

आता आपला शब्द पाहा. दुपार म्हणजे द्विप्रहर. जुन्या कागदपत्रांत 'दोन प्रहरी' असंच लिहिलेलं सापडतं. दिवसाचे प्रहर 4, त्यातले 2 सरले की दुपार. बारातले 9 तास म्हणजे चारातले 3 प्रहर, म्हणजे मूळचा 'नून' आपला तिसरा प्रहर संपतानाचा. मला यात फार गंमत वाटते: त्यांचा शब्द जागा सोडून सरकला, आपला मात्र सूर्याला धरून राहिला.

कारण खरी दुपार सूर्याची. तो दक्षिणोत्तर रेषेवर येतो तो क्षण. 'एएम', 'पीएम'मधला 'एम' म्हणजे 'मेरिडिएम', लॅटिनमध्ये मध्यान्ह. भारतभरचं घड्याळ मात्र एकच, 82.5 अंश रेखांशाचं, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेचं. खानदेश तिच्या पश्चिमेला, आणि सूर्याला एक अंश ओलांडायला 4 मिनिटं लागतात. जळगाव सुमारे 75.6 अंशांवर, म्हणून तिथली मध्यान्ह सरासरी 12 वाजून 28 मिनिटांनी होते. भुसावळला मिनिटभर आधी, नंदुरबारला 12:33 च्या सुमाराला. ही सरासरी झाली. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला जळगावची मध्यान्ह 12:11 ला येते आणि फेब्रुवारीच्या मध्याला 12:42 पर्यंत लांबते.

हे पाहायला अंगणात सरळ काठी रोवा आणि 12 पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली पडेल ती तुमच्या गावची दुपार. मेच्या अखेरीस जळगावात एक दिवस ती सावली काठीच्या बुडाशीच विरून जाते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मध्यान्हीला डोक्याच्या उत्तरेकडे असतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. पावसाळी ढगांमुळे दुसरा शून्य सावलीचा दिवस बहुधा हुकतो, म्हणून मेमधला सोडू नका.